आईच्या पगारातून वजा

बाळंतपणाची रजा संपायला महिनाभर उरला की मुळशी तालुक्यातल्या जांब्यात, म्हणजे पुनावळे, मारुंजी आणि नेरे यांच्या मधल्या पट्ट्यात, कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या बाराव्या मजल्यावर एक हिशेब मांडला जातो. त्याची सुरुवात नेहमी एकाच आकड्यानं होते: तिचा हातात येणारा पगार. त्यातून पाळणाघराची फी वजा. जाण्यायेण्याचा खर्च वजा. सकाळी लवकर येऊन पोळ्या लाटणाऱ्या मावशी वजा. बाळ आजारी पडलं की बिनपगारी होणारे दिवस, अंदाजानं वजा. ऑफिसला जायचं म्हणजे चार बरे ड्रेस लागतात हेही नेमकं त्याच दिवशी कुणाला तरी आठवतं, तेही वजा. शेवटी उरलेला आकडा दोन रेघांच्या मध्ये लिहिला जातो आणि सगळे जरा वेळ गप्प बसून त्याच्याकडे बघतात. मग कुणीतरी, बहुधा ज्याचा पगार या हिशेबात कुठंच आलेला नाही असा कुणीतरी, सहानुभूतीनं म्हणतो, "अगं, एवढ्याशासाठी कशाला एवढी धावपळ?"

या हिशेबातली वजाबाकी बिनचूक असते. खोट आहे ती खात्यात. पाळणाघर हा खर्च एकट्या आईच्या नावावर कोणी आणि कधी टाकला, याची नोंद कुठल्याही वहीत सापडत नाही. तो जणू तिचा एखादा महागडा छंद असावा, तसा तो तिच्याच पगाराला चिकटतो. गाडीचा हप्ता बाबांच्या पगारातून जातो, पण तो वजा करून 'आता तुझ्या नोकरीत उरतं काय' असं त्यांना कुणी विचारत नाही. पेट्रोल, टोल, टपरीवरचा चहा आणि त्याच्या बरोबरीनं जे काही जातं ते, हे सगळं 'नोकरी म्हटली की आलंच' या सदरात बसतं. बाळ मात्र आलं ते फक्त आईच्या नोकरीत. गंमत म्हणजे बँकेला असला हिशेब ठाऊक नाही. गृहकर्जाचा संयुक्त अर्ज भरताना तिचा पगार पूर्णच्या पूर्ण धरला जातो, हप्ता त्यावर ठरतो, आणि तो वीस वर्षं दर महिन्याला दोन्ही पगार गृहीत धरून कापला जातो. बँकेच्या टेबलावर जी कमावती असते, ती घरच्या टेबलावर येईपर्यंत हौसेनं नोकरी करणारी होते.

आकडे समजुतीपुरते घेऊ. समजा, तिच्या हातात ४५,००० येतात, त्याच्या हातात ६०,०००, आणि पाळणाघराला लागतात १२,०००. तिच्या एकटीच्या पगारातून काढले तर चौथ्या हिश्शाहून जास्त गेले. दोघांच्या १,०५,००० मधून काढले तर साधारण ११ टक्के. रक्कम तीच, पाळणाघराच्या काकू त्याच, बाळही तेच, पण पहिल्या मांडणीत नोकरी सोडण्याची वेळ येते आणि दुसरीत फार तर बाहेरचं जेवण कमी करण्याची. पुढं जाऊन पाच वर्षांचा हिशेब करू. पाळणाघरावर गेले ७,२०,०००. नोकरी सोडली तर एकही पगारवाढ न धरता गेले २७ लाख, आणि त्यात भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बढती, आणि पाच वर्षांनी मुलाखतीला गेल्यावर 'मधल्या काळात काय करत होतात?' या प्रश्नाची किंमत धरलेली नाही. हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः कुणाच्या तरी मांडीवर वाढलेला असतो, हे त्याला त्या क्षणी आठवत नाही. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या अभ्यासातूनही हेच दिसतं: आज एकाच शिक्षणाच्या, एकाच कामाच्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत जी दरी पडते, ती मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर रुंदावते. जांब्यातल्या बाराव्या मजल्यावर ते विनानोबेल कळतं.

जांब्याचं उदाहरण घ्यायचं कारण असं की इथं ही वजाबाकी भिंतींवर चढलेली दिसते. पलीकडं हिंजवडीचं आयटी पार्क हाकेच्या अंतरावर आहे; फक्त हाक संध्याकाळी सहाला मारली तर ती आठला पोचते. कालपरवापर्यंत ज्या रानात भात आणि ऊस होता तिथं आज टॉवर आहेत, आणि ते दोन पगारांच्या जोरावर उभे आहेत. एका पगाराचा माणूस इथं फ्लॅट बघायला येतो, सॅम्पल फ्लॅटमधल्या कृत्रिम फळांकडं बघतो आणि परत जातो. माहितीपत्रकात क्लबहाऊस असतं, जलतरण तलाव असतो, ज्येष्ठांसाठी बाकं असतात, कुत्र्यांना फिरवायला वेगळी हिरवळसुद्धा असते. बाळाला दिवसाचे दहा तास कुठं ठेवायचं याचं उत्तर त्या गुळगुळीत कागदावर क्वचितच सापडतं. खुद्द गावाचाही पालक अजून पक्का ठरलेला नाही. कारभार ग्रामपंचायतीचा, बांधकामाची परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, शेजारी एमआयडीसी, आणि हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, सांगवडे, गहुंजे या गावांबरोबर जांब्याला पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायचं की नाही याची चर्चा वर्षानुवर्षं चाललेली. ज्या गावाला कुणी सांभाळायचं हेच ठरत नाही, त्या गावात पोरांना कुणी सांभाळायचं हा प्रश्न कुणाच्या कार्यालयात द्यायचा?

"पण कायदा आहे की!" अशी हरकत इथं हमखास येते. आहे. आणि कागदावर तो चांगला आहे. मूळ मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची असं ठरलं. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन बाळाला भेटण्याचा हक्कही मिळाला. ज्यानं हे कलम लिहिलं त्याचं मन मोठं होतं यात शंका नाही, फक्त त्यानं मारुंजीच्या लक्ष्मी चौकातली वाहतूक पाहिली नसावी. पाळणाघर ऑफिसच्या इमारतीत नसेल आणि घराजवळ, म्हणजे जांब्यात असेल, तर चार भेटी म्हणजे आठ फेऱ्या. हिंजवडीच्या फेज तीनमधून निघालेली आई पहिल्या भेटीहून परत पोचेपर्यंत दुसरीची वेळ टळून गेलेली असते, आणि चौथ्या भेटीला बाळ तिला ओळखेल, पण मॅनेजर ओळखणार नाही. शिवाय सोय करायची म्हणजे खर्च कोणी करायचा, याबद्दल त्या कलमात स्पष्ट शब्द नाही. त्यामुळं एखाद्या पाळणाघराशी करार करायचा, त्याचा पत्ता नव्या आईला ईमेलनं कळवायचा, आणि फी तिनं भरायची, एवढ्यावरही कायदा पाळल्याचं समाधान मिळवता येतं. कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत १९४८ चा कायदा वेगळा होता: ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर हवं. म्हणजे तीस बायका ठेवल्या तर पाळण्याची गरज नव्हती, एकतिसावी आली की होती. अशा आकड्यांमुळं बायकांच्या भरतीचं गणित कुठं जाऊन थांबतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. प्राप्तिकराचीही तीच तऱ्हा. जुन्या करपद्धतीत प्ले-स्कूल आणि नर्सरीच्या शिक्षणशुल्काला वजावट मिळते, पाळणाघराला नाही. त्याच खोलीत तेच मूल 'ए फॉर ॲपल' म्हणत असेल तर सरकार खर्चाला मान्यता देतं, गाढ झोपलं असेल तर तो पालकांचा खासगी मामला. वास्तविक आईला ऑफिसात शांतपणे काम करता येतं ते दुसऱ्या अवस्थेत.

मग वेळेचा प्रश्न. सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पाळणाघर दिवसाला साडेसात तास उघडं ठेवायचं असं होतं. ऑफिस नऊ तासांचं. प्रवास देवाच्या आणि वाहतूक पोलिसांच्या हवाली. म्हणून खासगी पाळणाघराचं दार लावण्याची वेळ आणि आईची पोचण्याची वेळ यांच्यात रोज संध्याकाळी एक फट राहते, आणि त्या फटीला 'लेट चार्जेस' म्हणतात. या विषयावर इस्रायलमधल्या हैफा शहरात एक प्रसिद्ध प्रयोग झाला आहे. युरी नीझी आणि आल्दो रुस्टिचिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. दहा पाळणाघरं घेतली. त्यातल्या सहांमध्ये दहा मिनिटांहून जास्त उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला. दंड लागताच उशीर कमी व्हायचा सोडून जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो खाली आला नाही. आधी लोकांना काकूंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. आता लाजेला दर लागला, आणि दर परवडणारा निघाला. जांब्यात हा प्रयोग करू नये. इथला उशीर पालकांच्या मनात तयार होत नाही, तो भूमकर चौकात आणि पुनावळ्याच्या भुयारी मार्गात तयार होतो, आणि तिथं दंड कुणाला लावायचा हे अजून कळलेलं नाही. मिनिटामिनिटाचे पैसे आई मोजते. रस्ता ज्यांनी अडवून ठेवला त्यांच्या पगारातून काहीच वजा होत नाही. इथंही खातं चुकलेलंच.

दुसरी हरकत आजी-आजोबांची. "फुकटचं पाळणाघर घरात असताना विकतचं कशाला?" यावर अर्धा महाराष्ट्र चालला आहे हे खरं. लातूर, जळगाव, सांगली इथून आज्या पाळीपाळीनं येतात: सहा महिने आईची आई, सहा महिने बाबांची आई, मधल्या सांध्याला एखादी मावशी. पण फुकट म्हणजे काय, ते एकदा बघावं. साठी ओलांडलेली बाई, गुडघ्याला पट्टा, सव्वा वर्षाच्या पोरामागं दिवसभर धावते. तिकडं तिचं भजनी मंडळ, तिची भिशी, तिचा अंगणातला कडीपत्ता वाऱ्यावर. आजोबा एक तर गावाकडं स्वतःच्या हातची खिचडी खात असतात, नाही तर इथं येऊन लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला 'तुम्ही कुठले?' विचारत असतात. या आज्यांपैकी कित्येकींनी आपली नोकरी पहिल्या मुलाच्या वेळी सोडली, याच वजाबाकीपायी. म्हणजे एका पिढीची नोकरी मुलापायी गेली, आता त्याच पिढीचं म्हातारपण नातवापायी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला लागणारा वेळ मोजला आहे. ते काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. ज्या कामाला पावती नसते ते फुकट असतं, असं मानायची आपल्याला सवय आहे, एवढंच. आजीनं हौसेनं सांभाळावं, जरूर सांभाळावं. पण ती हौस आहे की नेमणूक, हे तिला एकदा विचारून घ्यावं.

तिसरी हरकत सगळ्यात भारदस्त: "पूर्वी बायका शेतात राबायच्या, पोरं वाढलीच ना?" वाढली. बांधावर बाभळीला झोळी बांधून वाढली. पण झोळीला झोका कोण देत होतं? बहुतेक वेळा सात-आठ वर्षांची थोरली बहीण, आणि ती त्या वेळी शाळेत नव्हती. हे ज्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात, आई कामावर. पाळणाघर ही शहरी बाईची चैन नव्हे, हे कोसबाडच्या टेकडीवर केव्हाच सिद्ध झालेलं आहे. जांब्यात आजही ही झोळी बघायला शेतात जायला नको. टॉवरच्या पायाशी, जिथं पुढच्या टॉवरची खोदाई चालली आहे, तिथं विटा वाहणाऱ्या बाईचं पोर वाळूच्या ढिगावर बसलेलं असतं. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यानं ५० हून अधिक स्त्री मजूर असलेल्या जागी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली होती, आणि महाराष्ट्रात बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर या मजुरांच्या कल्याणासाठी गोळाही होतो. पुण्यात तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था बांधकामांवर अशी पाळणाघरं चालवते. पण संस्था पोचेल तिथंच सावली, बाकी ठिकाणी वाळूचा ढीग. सॅम्पल फ्लॅट बघायला आलेल्या जोडप्याला लागणारं पाळणाघर आणि त्या पोराला लागणारं पाळणाघर यांच्यात अंतर फार नाही, दहा-बारा मजल्यांचं आहे.

"काकू लुटतात हो!" ही चौथी हरकत लिफ्टमध्ये ऐकू येते. लुटत असत्या तर एव्हाना शेजारच्या टॉवरमध्ये त्यांचा फ्लॅट असता. भाडं, दोन मदतनीस, दूध, डायपरचा कचरा, वरून सीसीटीव्ही, कारण दुपारी दोनला आपलं बाळ कोणत्या कुशीवर झोपलंय ते फोनवर बघितल्याशिवाय आईबाबांना जेवण जात नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना एका बाईनं फार तर चारपाच सांभाळावीत, हे सगळ्यांना पटतं. मात्र तिचा पगार या चारपाच घरांच्या फीतूनच निघणार आहे, हे पटायला जड जातं. म्हणून फी आईला महाग आणि पगार मदतनीस बाईला कमी, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. त्या मदतनीस बाईचं स्वतःचं मूल दिवसभर कुठं असतं, हे मात्र कुणी विचारत नाही. असलंच तर अंगणवाडीत. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या त्या योजनेनं देशाची कोट्यवधी मुलं जेवू घातली, पण अंगणवाडीची वेळ कामावर जाणाऱ्या आईच्या वेळेशी कधी जुळली नाही, आणि ती चालवणाऱ्या सेविकेला सरकार अजूनही पगार न देता मानधन देतं. मुलं सांभाळणं हे काम आहे, हे सरकारलासुद्धा पुरतं पटलेलं दिसत नाही. मग बाराव्या मजल्यावरच्या मंडळींना काय दोष द्यायचा!

उरला प्रश्न, पैसे कोणी भरायचे? एकट्या कंपनीवर टाकले तर ती मुलाखतीतच लग्नाची अंगठी शोधते. एकट्या आईवर टाकले तर काय होतं ते आपण सुरुवातीला पाहिलं. याचं उत्तर शोधायला परदेशात जायच्या आधी मुंबईत जावं. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा असं म्हटलं होतं, आणि बायकांना कामाला ठेवण्यात मालकाचाही फायदा असल्यानं त्यानंही आपला वाटा द्यावा, हेही सांगितलं होतं. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. जवळपास शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून 'तुझ्या पगारात उरतं काय' इथंच घोटाळतो आहोत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानं १९९७ साली दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. बायका मोठ्या संख्येनं कामावर परतल्या. घाईनं वाढवलेल्या पाळणाघरांच्या दर्जावर तिथं टीकाही झाली, आणि ती रास्त होती. स्वस्ताईबरोबर दर्जा बघावा लागतो. स्वीडननं २००२ मध्ये फीला वरची मर्यादाच घातली. पहिल्या मुलासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या, हे पुन्हा वाचावं. तिथल्या वहीत दोघांचे पगार आधी एकत्र येतात, वजाबाकी नंतर होते. आपल्याकडं एवढा पैसा नाही, ही हरकत मान्य. पण पैशाआधी जी दुरुस्ती करायची आहे तिला पैसा लागत नाही, नुसती वहीतली ओळ बदलावी लागते.

आणि अगदीच पैसा नाही असंही नाही. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. जांब्यात टॉवर जसे वाढले तशी घरपट्टीही वाढली असणार, आणि ती दोन पगारांतूनच भरली जाते. तेव्हा सोसायटीतल्या रहिवाशांनी दोन कामं करावीत. मतदारयादीतलं नाव अजून सांगलीला किंवा लातूरला असेल तर ते इथं आणावं, आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरेल तेव्हा आठ तासांहून जास्त वेळ चालणारं, मजुरांच्या पोरांनाही दार उघडं असलेलं पाळणाघर हा विषय लेखी द्यावा. ग्रामसभेला बाबांनी जावं. बाळाला कडेवर घेऊन जावं, म्हणजे विषयाची गरज समजावून सांगण्यात सभेचा वेळ जाणार नाही.